मुलांच्या पुस्तकाचा धनी कोण?

मोठ्यांच्या पुस्तकाचा व्यवहार सरळ असतो. ज्याला वाचायचे तोच दुकानात जातो, चाळतो, पैसे मोजतो आणि घरी नेतो. मुलांच्या पुस्तकाचे तसे नाही. ते लिहिणारा मोठा, छापणारा मोठा, शाळेसाठी मंजूर करणारा मोठा आणि विकत घेणाराही मोठाच. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या आठ-नऊ वर्षांच्या वाचकाला कोणी काही विचारत नाही. पुस्तक त्याच्या हाती पडते ते बहुधा बक्षीस म्हणून, नाहीतर अभ्यास म्हणून.

मी मुलांसाठी लिहिते. लिहायला बसले की दोघेजण समोर येऊन उभे राहतात: पैसे देणारा आणि वाचणारा. पहिल्याला पुस्तकातून काहीतरी पदरात पडायला हवे असते. संस्कार, माहिती, गेला बाजार शुद्धलेखन. दुसऱ्याला फक्त पुढे काय झाले ते हवे असते. दोघांचे मागणे नेहमी जुळतेच असे नाही, आणि जुळले नाही की लेखकाला बाजू घ्यावी लागते. मराठी बालसाहित्याची दोनशे वर्षे नजरेखालून घातली, तर ही बाजू कोणी कशी घेतली याचाच तो इतिहास आहे असे मला वाटते. ज्यांनी मुलाचे ऐकले त्यांची पुस्तके टिकली. ज्यांनी नुसती पैसे देणाऱ्याची मागणी पुरवली, त्यांची पुस्तके त्या मागणीबरोबरच संपली.

आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या. सख्खण पंडितांचे ते भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने ओळखले जाते. मुंबईत या कामाला गती आली ती १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीमुळे. पेशवाई बुडून चार वर्षे झाली होती, एल्फिन्स्टन गव्हर्नर होते, नव्या राज्याला शाळा हव्या होत्या आणि शाळांना पुस्तके. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणली. त्यांपैकी ‘बाळमित्र’ हे बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे पुस्तक, इंग्रजीच्या वाटेने आलेले. त्यात पऱ्या-राक्षसांपेक्षा घरातली मुले, त्यांचे खेळ, त्यांच्या चुका आणि वडीलधाऱ्यांशी होणारी बोलणी यांनाच मान होता.

छत्र्यांचे ऋण मोठे आहे. पोथ्या होत्या, बखरी होत्या. पण मुलाला आपले आपण वाचता येईल असे सोपे छापील गद्य तोवर जवळजवळ नव्हतेच. ते त्यांनी घडवले. मात्र या आरंभाबरोबर एक सवयही आली. गोष्ट संपली की खाली तात्पर्य. गोष्ट मुलासाठी आणि तात्पर्य मास्तरांसाठी, अशी ही वाटणी होती. कावळा, कोल्हा, आंबट द्राक्षे मुलाच्या डोक्यात जन्मभर राहतात, तात्पर्य परीक्षेपर्यंतही टिकत नाही. तरी पुढे कितीतरी वर्षे स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्यांनाही ते शेपूट जोडल्याशिवाय राहवले नाही. कारण पुस्तक मंजूर करणारा आधी शेपूटच वाचत असे.

मुलांना काय सांगावे हे मोठी माणसे ठरवत होती, त्याच काळात एका मुलीने मोठ्यांना चार गोष्टी सांगितल्या. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वय चौदाच्या आसपास. ज्या धर्माचे ग्रंथ वाचायची आपल्याला मनाई आहे तो धर्म आपला कसा, असा तिचा सवाल होता, आणि आपल्या माणसांचे हाल तिने डोळ्यांनी पाहिलेले तसे मांडले होते. अक्षरओळख होऊन फार वर्षे झाली नव्हती आणि लेखणी या टोकाला पोहोचली होती. बालसाहित्याच्या इतिहासात हा निबंध सहसा धरत नाहीत. मी धरते. मूल म्हणजे रिकामे भांडे, त्यात आपण चांगले काही ओतायचे, या समजुतीला मराठीत मिळालेले ते पहिले खणखणीत उत्तर आहे.

मग मासिके आली. १८७३ मध्ये अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ काढले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ सुरू झाले आणि १९१४ मध्ये ओक वारले तोवर ते चालवत राहिले. दर अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, जोडीला शास्त्राविषयीचे लेख, आणि हे बहुतेक सगळे एकाच हातचे. चरित्रेच चारशेच्या वर भरतात. ओक शिक्षणखात्यातले, त्यांची वृत्ती शिक्षकाची आणि उपदेशही भरपूर. तरी मासिक या प्रकाराने एक मोठी गोष्ट केली: मुलांना पुढच्या अंकाची वाट पाहायला लावले. पाठ्यपुस्तकाची वाट कोणी पाहत नाही. टपालवाल्याच्या पिशवीकडे डोळे लावून बसणारे मूल हा मराठीतला पहिला स्वेच्छेचा बालवाचक. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात ‘आनंद’ सुरू केले, आपट्यांनंतर गोपीनाथ तळवलकरांनी ते दीर्घकाळ सांभाळले, आणि तिथे गोष्टी, कोडी, गंमत यांना हक्काची जागा मिळाली.

आता साने गुरुजी. ‘श्यामची आई’ संस्कारांचे पुस्तक म्हणून घरोघरी दिले जाते आणि देणाऱ्याचा हेतू तोच असतो. पण मुले ते वाचतात ते संस्कारांसाठी नव्हे. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, छात्रालयात मुलांबरोबर राहत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढत. त्याचा वाचक डोळ्यांसमोर होता, कोणत्या ओळीपाशी रेंगाळला आणि कुठे कंटाळून निघून गेला हे दिसत होते. रोज लिहायचे आणि रोज निकाल पाहायचा, अशी ही उमेदवारी होती. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली, त्यामागे मुलांना सांगितलेल्या असंख्य गोष्टी होत्या. म्हणून त्या पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत: श्याम सांगतो आहे, सोबती ऐकताहेत. आणि हा श्याम आदर्श बाळ नाही. तो भितो, हट्ट करतो, चुकतो, पोहायला जायचे टाळण्यासाठी लपतो आणि मार खातो. वाचणाऱ्या मुलाला आधी आपल्यासारखा भित्रा श्याम भेटतो, आई त्यानंतर. या क्रमातच पुस्तकाचे बळ आहे. संस्कार आणि गोष्ट यांचे वैर नाही. फक्त मुलाला आधी पानावर उभे करावे लागते.

आचार्य अत्र्यांनी हेच पाठ्यपुस्तकात करून दाखवले. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मराठीच्या तासाला हसू आणले. त्यांची ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट घ्या. मुलगा केलेल्या कामांचे बिल आईपुढे ठेवतो, आई त्याचे पैसे देते आणि आपले शून्य रकमेचे बिल त्याच्या हाती देते. उपदेश आहेच, पण तो मुलाच्याच हिशेबाने मुलाला कळतो. तात्पर्य छापायची गरज उरत नाही.

तरीही या काळातल्या बहुतेक पुस्तकांतले मूल एका ठरावीक घरातले होते. त्याच्या घरी दिवाणखाना होता, वडील कचेरीत जात, सुट्टीत मामाचा गाव असे. ज्यांच्या घरी पुस्तकच नव्हते त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते लेखकांपेक्षा बालशिक्षणातल्या माणसांनी. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघांसह काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. गुरे राखायला जाणारी मुले तिथेही येईनात, तेव्हा ती कुरणात गेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. विकतची खेळणी परवडत नव्हती हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे असे की या वस्तू मुलाच्या ओळखीच्या होत्या. शिकणे ओळखीच्या वस्तूपासून सुरू झाले की मूल परके राहत नाही. मुलांच्या पुस्तकालाही हाच नियम लागू आहे. पहिल्या पुस्तकात आपले अंगण, आपली बोली, आपली शेळी दिसली, तर मूल दुसरे पुस्तक उचलते आणि मग बर्फाचा प्रदेशही त्याला लांबचा वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे या साहित्याची भरभराटीची. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि पन्नाशीच्या दशकात पदरमोड करून ‘बालमित्र’ मासिक चालवले. छत्र्यांच्या पुस्तकाचेच हे नाव, पण मधल्या सव्वाशे वर्षांत मित्र बदलला होता. समजुतीच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या जागी आता बरोबर सायकल काढणारा आला होता. त्याच भागवतांनी बनेश ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला: फुरसुंगीचा, काडीपैलवान, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. या मुलाला संकटात ढकलताना लेखकाने त्याच्या पाठीशी कोणी काका-मामा उभा केला नाही. निर्णय त्याचा, चूक त्याची, सुटकाही त्याचीच. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये मोठा होऊन चित्रपटात आला. तीन पिढ्यांनी त्याला सांभाळले आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज पडली नाही.

विंदा करंदीकरांनी १९६१ मध्ये ‘राणीची बाग’ काढले आणि पाठोपाठ मुलांसाठी कवितांची पुस्तके लिहीतच राहिले. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत आणणारा, अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत समजावणारा हा कवी. मुलांची कविता हे त्यांनी फावल्या वेळचे काम मानले नाही. त्यांच्या प्राण्यांना शिकवण द्यायची घाई नसते. ते तऱ्हेवाईक असतात, त्यांना मते असतात. शब्द उलटसुलट फिरवून पाहण्याचा मुलांचा जो स्वाभाविक उद्योग, तोच त्यांनी कवितेचा पाया केला.

रंगभूमीवर तर मुलाला थेट मत देता आले. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगवले, आणि पुढे मतकरींनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ अशी नाटके देऊन बालनाट्य उभे केले. तिकीट आईवडिलांनी काढलेले असते, पण एकदा दिवे मालवले की प्रेक्षागृह मुलांचे. नाटक सैल पडले की तिसऱ्या मिनिटाला कोणाला पाणी हवे असते, कोणाला बाहेर जायचे असते. रंगले की चेटकिणीपासून नायकाला सावध करण्यासाठी अख्खी रांग ओरडते. पुस्तकाच्या लेखकाला हा निकाल ऐकू येत नाही. मला वाटते, आपल्या बालनाट्याने एवढ्या थोड्या काळात जी मजल मारली तिचे एक कारण हा उघड निकाल हेच आहे.

१९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. सरकारी संस्थेचे मासिक आणि तरीही मुलांनी आपले मानलेले, हे दुर्मीळ आहे. मराठीतले मोठमोठे लेखक आणि चित्रकार तिथे मुलांसाठी राबले, किंमत खेड्यातल्या घराला झेपेल अशी राहिली. जुने अंकही आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सार्वजनिक पैसा मुलाच्या बाजूने उभा राहिला तर काय होऊ शकते, याचा हा दाखला आपल्या घरातला आहे.

आजचे चित्र? चांगली पुस्तके नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहा. शब्द त्यांचे, चित्रेही त्यांचीच. ‘राधाचं घर’ किंवा यशची पुस्तके उघडली की सापडते ते एक साधे घर आणि त्यातली रोजची माणसे. मुले ही चित्रे कशी वाचतात हे मी शेजारी बसून पाहिले आहे. मोठी माणसे ओळ वाचून पान उलटायला निघतात. मूल पानावर हात ठेवून थांबवते. कोपऱ्यातली चप्पल, आजीच्या हातातले काम, दाराआड कोण आहे, हे सगळे बघून झाल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. त्याच लेखिकेच्या ‘वाचू आनंदे’च्या संचाने मराठीतले उत्तम साहित्य उताऱ्याउताऱ्याने मुलांपुढे मांडले. २०१० पासून साहित्य अकादमी बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देते. प्रथम बुक्सची ‘स्टोरीवीव्हर’सारखी सोय मराठी गोष्टी मोबाईलवर फुकट पोहोचवते. पुस्तके आहेत.

अडते ते पुस्तक आणि मूल यांच्या मधल्या वाटेवर. घरात पैसे देणाऱ्याची मागणी पुन्हा जुन्या वळणावर गेली आहे. प्रदर्शनात मूल एखाद्या भुताच्या गोष्टीला बिलगलेले असते आणि आई त्याच्या हातात सामान्यज्ञानाचे पुस्तक देते. शाळेत खरेदी वरून होते, ठोक होते. एकच संच कोकणात जातो, तोच मेळघाटात. मग तो कपाटात बसतो आणि कपाटाला कुलूप लागते. यात शिक्षकांचा दोष मी फारसा मानत नाही. पुस्तक ही सरकारी मालमत्ता, तिची नोंदवहीत नोंद, पान फाटले तर जाब त्यांना. अशा हिशेबात पुस्तक वाचायला देण्यापेक्षा न देणे शहाणपणाचे ठरते.

आणखी एक वाचक आपण विसरतो. पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकणारे, किंवा अमेरिकेतल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणारे दहा वर्षांचे मूल. ते घरी मराठी बोलते, पण देवनागरी वाचताना अडखळते. त्याच्या वाचनाच्या पातळीची पुस्तके सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली असतात. ती हाती घ्यायची त्याला लाज वाटते. त्याला दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट हवी आहे, सोप्या वाक्यांत आणि ठळक टाइपात. रहस्य हवे, क्रिकेट हवे, मैत्रीतली भांडणे हवीत. असे लेखन कठीण आहे आणि आम्ही लेखकांनी ते पुरेसे केलेले नाही. मराठी टिकण्याची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक व्यासपीठाने या पातळ पुस्तकांसाठी आधी पैसा उभा करावा.

करायला हवे ते अवघड नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तके असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. ते ग्रंथालय वर्गाच्या भिंतीशी, मुलाचा हात पोहोचेल अशा उघड्या फळीवर यावे. खरेदीची यादी कायम करण्यापूर्वी पुस्तके काही वर्गांत पंधरा दिवस ठेवावीत. कोणते पुस्तक सारखे हातात असते ते शिक्षकाने नुसते पाहावे आणि कळवावे. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानित ग्रंथालये आहेत. त्यांतल्या बालविभागाला स्वतःची जागा, संध्याकाळची वेळ आणि मुलांना बोलते करणारा माणूस मिळावा. लेखकांनी हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याआधी मुलांसमोर मोठ्याने वाचावे आणि मुले जिथे चुळबुळली तिथे खुशाल कात्री लावावी. आईवडिलांनी प्रदर्शनात मुलाला एक रक्कम द्यावी आणि ती खर्च होईपर्यंत दुसऱ्या टेबलाशी जाऊन आपल्यासाठी काही शोधावे. मूल फालतू पुस्तक घेईल, ही भीती खरी आहे. घेईल एखादे. दोन-चार फालतू पुस्तके वाचल्यावरच चांगल्याची चव कळू लागते, आपलेही तसेच झाले आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. शिक्षणखात्याने येत्या वर्षात एक परिपत्रक काढावे: वाचून फाटलेले, मळलेले गोष्टीचे पुस्तक निर्लेखित करताना शिक्षकाला कोणी जाब विचारणार नाही. उलट तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने कोरे करकरीत पुस्तक फळीवरून उचलावे आणि हे अजून फाटले का नाही, याचे कारण विचारावे.